सुपरचार्जर बसवला, आता पेट्रोल किती?

सुपरचार्जर बसवलेल्या गाडीत बसलं की नजर आधी बूस्ट गेजकडे जाते, म्हणजे वातावरणापेक्षा किती जास्त दाबाने हवा आत जाते ते दाखवणाऱ्या काट्याकडे. काटा अर्ध्या बारवर चढला की वाटतं, आता इंजिनात दीडपट हवा चालली आहे. तशी ती जात नसते. इंधनाचा हिशेब चुकायला सुरुवात नेमकी इथून होते, म्हणून आधी या काट्याचाच समाचार घेऊ.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून (मुख्य फिरत्या दांड्यावरून) बेल्टने फिरणारा भाता. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावर भागवतं. इथे ती ढकलून कोंबली जाते. कल्पना जुनी आहे. रूट्स जातीच्या भात्याचं पेटंट फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या अमेरिकन भावांनी १८६० मध्ये घेतलं, तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्या यंत्राला काम होतं भट्ट्यांना हवा पुरवण्याचं.

पण हवा दाबली की तापते, आणि तापली की विरळ होते. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि दाब १०० किलोपास्कल, म्हणजे एक बार, धरा. सुपरचार्जरने दाब १५० वर नेला. यंत्र अगदी आदर्श असतं तरी हवा ६७ अंशांपर्यंत तापली असती. रूट्स भात्याची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात धरली, तर ती ९५ अंशांच्या आसपास पोचते. या तापमानाला हिशेब मांडला तर दाब दीडपट, पण हवेचं वजन जेमतेम १.२३ पट. मध्ये इंटरकूलर घालून हीच हवा ५० अंशांवर आणली, तर वजन १.४ पट होतं (इंटरकूलरमध्ये थोडा दाब कमी होतो, तो इथे सोडून दिला आहे). गेजचा काटा दोन्ही वेळा एकाच जागी, आणि आतली हवा मात्र वेगवेगळी. पेट्रोल द्यायचं असतं ते हवेच्या वजनाला. दाब हा ते वजन काढण्याच्या गणितातला फक्त एक आकडा.

१४.७ आणि लॅम्बडा

एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. या प्रमाणात ना हवा उरत, ना पेट्रोल. आकडा यापेक्षा मोठा असेल तर हवा जास्त, म्हणजे मिश्रण लीन. लहान असेल तर पेट्रोल जास्त, म्हणजे रिच. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण पेट्रोल वाढवलं की आकडा खाली उतरतो.

हा १४.७ शुद्ध पेट्रोलचा आहे. दहा टक्के इथेनॉल मिसळलं की तो १४.१ च्या आसपास येतो, ई८५ इंधनासाठी (सुमारे ८५ टक्के इथेनॉल) ९.८ च्या जवळपास, आणि निव्वळ इथेनॉलसाठी ९. म्हणून मी स्वतः लॅम्बडाच वापरतो: प्रत्यक्ष प्रमाणाला त्या इंधनाच्या नेमक्या प्रमाणाने भागायचं. लॅम्बडा १ म्हणजे नेमकं, ०.८ म्हणजे रिच, १.१ म्हणजे लीन, मग टाकीत काहीही असो. गंमत अशी की डॅशबोर्डवरचा वाइडबँड गेजसुद्धा (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण दाखवणारा) मुळात लॅम्बडाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. टाकीत ई८५ असताना गेजवर १४.७ दिसतं, तेव्हा सिलिंडरमध्ये खरं प्रमाण ९.८ असतं. तेव्हा कोणी नुसतं ‘११.८ ठेव’ असं सांगितलं, तर आधी इंधन कुठलं ते विचारावं.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना लॅम्बडा १ उत्तम. एक्झॉस्टमधले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्याच प्रमाणाला नीट काम करतो. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाकडून पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा ०.८६ ते ०.९०. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा अगदी एकजीव कधीच होत नाहीत. थोडं पेट्रोल जास्त असलं की हवेतला प्रत्येक कण वापरला जातो. बूस्टमध्ये मात्र पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या नळीत पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाला ०.७८ ते ०.८२ वर न्यावं लागतं, म्हणजे पेट्रोलच्या भाषेत साधारण ११.५ ते १२.

जळायचं नसलेलं पेट्रोल कशासाठी?

ताकदीसाठी ०.८८ पुरेसं असेल, तर ०.८० कशाला? हे जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतंच. ते थंडाव्यासाठी असतं.

ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे सरकत जाते. ती पोचेपर्यंत कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जात असतं, तापत असतं. ते ज्योत पोचण्याआधीच एकदम आपोआप पेटलं, की नॉकिंग. आतून खडखड ऐकू येते, दाबाची लाट पिस्टनवर आणि हेडवर आदळते. पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटणं, हेड गॅस्केट जाणं, ही सगळी तिची करणी. सुपरचार्जरमध्ये मिश्रण मुळातच जास्त दाबाचं आणि जास्त गरम, म्हणजे आगीच्या शेजारी आणखी जवळ बसलेलं.

एक ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० जूल उष्णता लागते आणि ती आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते. शिवाय ज्या पेट्रोलला जळायला हवाच उरली नाही, ते तापण्यात वाटा घेतं आणि उष्णता मात्र फारशी देत नाही, त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं. एवढ्यावर कोपऱ्यातलं मिश्रण वेळेआधी पेटण्यापासून वाचतं.

याची दुसरी बाजूही आहे. ‘रिच म्हणजे सुरक्षित’ हे ब्रीद मानून १०.५ वर गाडी पळवणारे भेटतात. तिथे ज्वलन मंदावतं, ताकद जाते, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पेट्रोलने धुतलं जातं आणि उरलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतं. प्लग काळे पडतात, मिसफायर, म्हणजे मिश्रण न पेटताच बाहेर जाणं, सुरू होतो. अशी गाडी वितळत नाही, झिजते.

इंजेक्टर कुठे संपतो

आता या सगळ्याचं ओझं पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर किती पडतं ते पाहू. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या, एका सिलिंडरला अर्धा लिटर. सुपरचार्जर नसताना, सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं तर, एका खेपेला ०.५७ ग्रॅम हवा आत येते. १२.८ प्रमाणाने तिला ०.०४५ ग्रॅम पेट्रोल लागतं. अर्धा बार बूस्ट आणि ५० अंशांची हवा असताना आत येते ०.८१ ग्रॅम, आणि ११.८ प्रमाणाने तिला लागतं ०.०६९ ग्रॅम. हवा १.४ पट वाढली, पण पेट्रोल दीडपटीहून जास्त, कारण प्रमाणही बदललं.

वेळ मात्र वाढत नाही. ६००० आरपीएमला एका सिलिंडरचं पूर्ण चक्र, म्हणजे क्रँकचे दोन फेरे, २० मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टरला जे काही ओतायचं ते तेवढ्यात. त्यातही तो ८० ते ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये. उघडझाप करायलाच त्याला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि त्यापुढे त्याच्या फवाऱ्यावर ताबा राहत नाही. मूळ इंजिनाला मिनिटाला सुमारे १८० सीसी हवे होते, म्हणून कारखान्याने २२५ सीसीच्या आसपासचा इंजेक्टर दिला असं धरू. सुपरचार्जर बसल्यावर गरज होते २७५ सीसीची. हा इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवला तरी २२५च देणार. मिश्रण ११.८ वरून घसरून १४.४ वर जाईल, तेही पूर्ण बूस्टमध्ये, वरच्या आरपीएमला, जिथे ते सगळ्यात घातक आहे. ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) कितीही आकडे भरले तरी उपयोग नाही. इथे मोठा इंजेक्टरच लागतो, साधारण ३५० सीसीचा, आणि तो बसवला की ईसीयूला त्याचं नवं माप आणि बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलणारा उघडण्याचा उशीरही सांगावा लागतो. हा उशीर चुकला तर पूर्ण थ्रॉटलला फारसं कळत नाही, पण आयडलवर, म्हणजे पाय काढून इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर, ते धड चालत नाही.

इंजेक्टरच्या मागे पंप आणि प्रेशर रेग्युलेटर. इंजेक्टर ज्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) फवारतो, तिथला दाब बूस्टमध्ये वाढलेला असतो. रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ३ बारवरच अडकून राहिला, तर अर्ध्या बार बूस्टला प्रत्यक्ष जोर उरतो अडीच बारचा, आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो, त्यामुळे पेट्रोल सुमारे ९ टक्क्यांनी घटतं. म्हणून रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी जोडलेली असते. बूस्ट जेवढा वाढेल तेवढाच रेलचा दाब वाढतो. ही नळी निसटली, चिरली, तर ईसीयूला पत्ता लागत नाही. आणि पंप जुना, फिल्टर तुंबलेला असेल तर पुढचं सगळंच व्यर्थ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

हवा मोजायची कोणी?

ईसीयूकडे हवेचं वजन कळून घ्यायचे दोन मार्ग. पहिला, मास एअरफ्लो सेन्सर: येणाऱ्या हवेच्या मार्गात एक तापवलेली तार किंवा पट्टी, वाहत्या हवेने ती किती थंड होते यावरून थेट वजन. चांगला मार्ग, पण त्याच्या मोजण्याला मर्यादा आहे. हवा फार वाढली की त्याचा आकडा एका जागी थिजतो. शिवाय सेन्सरने मोजलेली हवा नंतर गळली किंवा व्हॉल्व्हमधून बाहेर सोडली, तर ईसीयू न आलेल्या हवेलाही पेट्रोल देतो. म्हणून अशा गाडीत बायपासची (थ्रॉटल मिटल्यावर उरणारी जास्तीची) हवा बाहेर न सोडता सेन्सर आणि सुपरचार्जरच्या मधल्या पाइपात परत फिरवायची.

दुसरा मार्ग, मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान मोजायचं आणि गणिताने वजन काढायचं. यात एक तक्ता लागतो: आडव्या बाजूला आरपीएम, उभ्या बाजूला दाब, आणि प्रत्येक घरात सिलिंडर किती टक्के भरतो तो आकडा. याला व्हीई टेबल म्हणतात. सुपरचार्जर नसलेल्या गाडीतला दाबाचा सेन्सर बहुधा वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो. त्याच्या वरचं सगळं त्याला एकसारखंच दिसतं, म्हणजे बूस्टच्या बाबतीत तो आंधळा. दोन किंवा तीन बारपर्यंत पाहणारा सेन्सर बसवल्याशिवाय तक्त्याच्या वरच्या ओळी भरून काही अर्थ नाही.

तापमानाचा सेन्सर कुठे आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. सुपरचार्जरच्या आधी असेल, तर त्याला बाहेरची ३० अंशांची हवा दिसते आणि आत ५० अंशांची जाते. तो इंटरकूलरनंतरच हवा.

भात्याच्या जातीने तक्त्याचा आकार ठरतो. रूट्स आणि ट्विन स्क्रू प्रत्येक फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा ढकलतात, म्हणून २००० आरपीएमलाही जवळजवळ पूर्ण बूस्ट मिळतो. तिथे ज्योतीला वेळ भरपूर आणि मिश्रणाला तापायलाही, त्यामुळे नॉकिंगची भीती खालच्या आरपीएमलाच जास्त. पंख्यासारख्या चक्राने हवा फेकणाऱ्या सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरचा बूस्ट साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो: ६००० ला ०.६ बार देणारा ३००० ला जेमतेम ०.१५ देतो. त्याचा तक्ता खाली शांत आणि वर एकदम चढा.

गेज काय लपवतो

कारखान्यातून येणारा साधा ऑक्सिजन सेन्सर लॅम्बडा १ च्या रेषेपाशी उडी मारतो, ०.१ व्होल्टवरून ०.९ वर. बॉशने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला, आणि त्याचं काम तेवढंच आहे: रेषेच्या या बाजूला की त्या. ०.८२ आणि ०.९२ यातला फरक त्याला सांगता येत नाही. बूस्टमधल्या ट्यूनिंगला वाइडबँड लागतोच.

पण वाइडबँडही पेट्रोल मोजत नाही. तो एक्झॉस्टमध्ये उरलेल्या ऑक्सिजनवरून अंदाज बांधतो, आणि तो ऑक्सिजन आला कुठून हे त्याला ठाऊक नसतं. मिसफायर झाला की न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर येतात. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि गेज लीन दाखवतो. खरं तर प्लगचा गॅप मोठा राहिल्याने बूस्टच्या दाबाखाली ठिणगीच विझत असते. अशा वेळी पेट्रोल वाढवलं की मिसफायर आणखी वाढतो आणि गेज आणखी लीन.

माझ्या स्वतःच्या दोन संध्याकाळी अशाच वाया गेल्या आहेत. आयडलला आणि हलक्या लोडला गेज सतत १५.५ दाखवत होता. मी तक्त्यात पेट्रोल वाढवत राहिलो, आकडा हलायला तयार नाही, आणि मागून येणाऱ्या वासाने डोळे चुरचुरायला लागले. शेवटी निघालं काय, तर सेन्सरच्या आधीच्या जोडावर गॅस्केट नीट बसलं नव्हतं. एक्झॉस्टचा प्रवाह ठोक्याठोक्याने जातो. दोन ठोक्यांमध्ये दाब उतरला की त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जात होती आणि सेन्सर बिचारा तिलाच मोजत होता. तेव्हापासून माझा नियम: नाक आणि गेज यांचं पटत नसेल, तर आधी गळती शोधायची.

आणखी एक गोष्ट गेज कधीच सांगत नाही. तो चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो. तीन सिलिंडर ०.७८ वर आणि एक ०.८८ वर असेल, तरी गेजवर छान ०.८० दिसेल. एका इंजेक्टरमध्ये कचरा अडकला, किंवा मॅनिफोल्डच्या आकारामुळे शेवटच्या सिलिंडरला हवा जास्त जात असेल, तर मरतो तो एकटा सिलिंडर. म्हणून दणकट चालवल्यावर प्लग काढून शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची जुनी पद्धत अजूनही सोडू नये.

प्रत्यक्ष काम

क्रम खालून वर. इंजिन पूर्ण गरम करून आधी आयडल, मग हलका लोड, मग एकसारखा वेग, आणि ते सगळं बसल्यावरच बूस्ट. इग्निशन टायमिंग सुरुवातीला मुद्दाम मागे ठेवायचं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा, मिश्रण थोडं जास्त रिच. डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) इंजिन एका आरपीएमला धरून ठेवता येतं, त्यामुळे एकेक घर शांतपणे बसवता येतं. रस्त्यावर हे करू नये. एका हाताने स्टीअरिंग आणि नजर लॅपटॉपवर हा प्रकार जिवावर बेततो.

दुरुस्तीचं गणित त्रैराशिकाचं. एखाद्या घरात ८० आकडा आहे, गेजवर १२.६ आलं आणि हवं होतं ११.८. मग ८० गुणिले १२.६ भागिले ११.८, म्हणजे ८५.४. हे करताना ईसीयूची सेन्सरवरून स्वतःच दुरुस्ती करण्याची सोय बंद ठेवायची, नाही तर एकाच चुकीला दोघं दुरुस्त करत बसतात. आणि एक्झॉस्ट सेन्सरपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो हेही धरायचं: आरपीएम भराभर चढत असताना आत्ता दिसणारा आकडा थोड्या आधीच्या घराचा असतो.

एकदम थ्रॉटल दाबल्यावर येणारा क्षणभराचा लीन झटका या तक्त्यातून सुटत नाही. पोर्टच्या भिंतीवर पेट्रोलचा पातळ थर असतो. दाब अचानक वाढला की नव्या पेट्रोलचा काही भाग आधी तो थर जाड करण्यात जातो. त्यासाठी वेगळं, काही क्षणांचं जास्तीचं पेट्रोल देण्याची सोय असते. मुख्य तक्त्यात आकडे वाढवून हा झटका लपवणारे बरेच असतात. त्यांची गाडी मग उरलेला सगळा वेळ विनाकारण रिच चालते.

मिश्रण बसल्यावर टायमिंग एकेक अंशाने पुढे, नॉकिंग ऐकत. नॉक सेन्सर असेल तर त्याचा आलेख पाहत. ताकद वाढायची थांबली की तिथेच थांबायचं, नॉक येईपर्यंत जायचं नाही. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर काढणारा, आणि गॅप थोडा कमी.

हे सगळं सकाळच्या थंड हवेत केलं असेल तर काम अर्धंच झालेलं असतं. गाडी ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी राहिली की इंटरकूलर, मॅनिफोल्ड, सुपरचार्जरचं धूड सगळं तापतं. मग मोकळा रस्ता मिळताच पाय दाबला, तर ५० ऐवजी ७० अंशांची हवा आत जाते. वजनाने ती कमी असते, म्हणून पेट्रोलही कमी लागतं, पण नॉकिंगची शक्यता जास्त. त्यामुळे तापमानाच्या दुरुस्तीचे दोन वेगळे तक्ते लागतात, एक पेट्रोल घटवणारा आणि एक टायमिंग मागे घेणारा, आणि ते तपासायला गाडी मुद्दाम तापवावी लागते.

शेवटी एक काम उरतं, ते बहुतेक जण पुढे ढकलतात. रेलमध्ये पेट्रोलच्या दाबाचा सेन्सर बसवायचा आणि ईसीयूला सांगून ठेवायचं: बूस्टमध्ये हा दाब अपेक्षेपेक्षा अर्ध्या बारने जरी खाली आला, किंवा लॅम्बडा ०.८८ च्या वर गेला, तर विचारत बसू नको, इंजेक्टर बंद कर. एकेक कापत गेलं तर मधेच एखादा सिलिंडर लीन चालत राहील, तसा गोंधळ होऊ नये म्हणून सगळे इंजेक्टर एकदम. गाडी जोरात गचका देते, ओव्हरटेकच्या मध्यावर असलेला तिचा चालक शिव्या घालतो. मग घरी जाऊन फिल्टर बदलतो, आणि गाडी पुढे धावते, त्याच पिस्टनवर.